आईच्या साड्यांना कात्री लावावी का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: बडोद्यात शिक्षिका असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका भगिनीचे हे पत्र आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी हौस म्हणून शिवणकाम सुरू केले. पिशव्या, उशांचे अभ्रे, काही बटवे आणि भाचीचे फ्रॉक इतपत काम त्यांच्या हातून झाले आहे. गेल्या वर्षी त्यांच्या आई गेल्या आणि आईच्या साड्यांची ट्रंक त्यांच्या घरी आली. तीत नऊवारी आहेत, एक पैठणी आहे, आईला कधीतरी भेट मिळालेला एक पटोळा आहे, इरकली आणि चंदेरी आहेत, शिवाय रोजच्या सुती आणि सिंथेटिक साड्या तर बऱ्याच आहेत. या साड्यांतून घरातल्या प्रत्येकासाठी स्वतःच्या हातांनी काहीतरी शिवावे, असे त्यांच्या मनात आहे. पुण्याच्या मोठ्या बहिणीसाठी जॅकेट, भाच्या-पुतण्यांसाठी बटवे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला नवरात्रासाठी चणिया-चोळी, असा बेत आहे. दिवाळीपर्यंत ट्रंक रिकामी करण्याचा त्यांचा विचार आहे. बहिणीला हे कळताच “आईची साडी कापायला तुझा हात धजावतो तरी कसा?” असे म्हणून तिने फोन ठेवला. भाऊ म्हणतो, “तुम्ही दोघी ठरवा.” पत्राच्या शेवटी त्या लिहितात: “तशाच ठेवल्या तर कोणी नेसणार नाही, आणि कापल्या तर मला आयुष्यभर अपराधी वाटत राहील. काय करू?”

ताई,

कात्री लावली नाही म्हणजे साडी जपली गेली, हा समज आपण आधी तपासून पाहू, कारण तुमची सगळी घालमेल त्यावर उभी आहे. ट्रंकेत ठेवलेले रेशीमही झिजतच असते. वर्षानुवर्षे एकाच घडीवर दुमडून ठेवलेली रेशमी साडी बहुधा त्या घडीच्या रेषेतच चिरते, कारण तिथला धागा सतत वाकलेला राहून दुबळा झालेला असतो. शेवटच्या नेसण्यातला घाम धुतला न जाता राहिला असेल, तर तो रेशमाला हळूहळू खात राहतो. जरीत चांदी असेल तर ती काळवंडते, आणि जरीला टेकून ठेवलेल्या डांबरगोळ्या तिची उरलीसुरली चमकही घालवतात. काही जुन्या रेशमाला वजन यावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवलेले असत, आणि असे रेशीम कोणी न नेसताही आपोआप चिरत जाते. बडोद्याच्या पावसाळ्यातला दमट उकाडा तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा “तशाच ठेवू” म्हणणे हे वाटते तितके निरुपद्रवी नाही.

ज्यांना साड्या खरोखर जपायच्या असतील, त्यांनी ते काम म्हणून अंगावर घ्यावे लागते. दर तीन-चार महिन्यांनी साडी उलगडून, सावलीत वारा देऊन, वेगळ्या रेषेवर घडी घालावी लागते. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी ती धुतलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळावी लागते. तुमच्या बहिणीला साड्या अखंड राहायला हव्या असतील, तर हे काम कोण करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे अजिबात उद्धटपणाचे नाही. मात्र तो भांडणातला डाव म्हणून ठेवू नका.

दुसरा समज बहिणीच्या वाक्यात आहे आणि तुम्हीही तो मुकाट्याने मान्य केलेला दिसतो. आईची साडी कापणे म्हणजे आईचा अनादर करणे, असा तो समज आहे. आपल्या आज्यांच्या घरात साडीचे आयुष्य नेसण्यापाशी संपत नसे. सुती लुगडे विरले की त्याचे जुनेर होई, जुनेराची दुपटी आणि झबली होत, चार जुनेरे एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी भरली जाई, आणि बाळाची कुंची तर आजीच्याच काठापदराच्या साडीची हवी, असा घरोघरी आग्रह असे. विरलेल्या साडीचे धड काठ उसवून नव्या साडीला लावण्याची रीत होती. त्यातूनही जे उरे ते बोहारणीकडे जाई आणि त्याचे एखादे पातेले घरात येई. त्या वेळी कोणाचा हात कसा धजावला, असे कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पण इथे एक फरक आहे आणि तो तुमच्या बहिणीच्या बाजूचा आहे. त्या आज्या स्वतःच्या साड्या स्वतःच्या हाताने कापत होत्या. इथे साड्यांची मालकीण हयात नाही आणि मागे तीन मुले आहेत. ट्रंक तुमच्या घरी आली याचा अर्थ साड्या तुमच्या झाल्या, असा होत नाही. पत्रावरून घटनांचा क्रम असा दिसतो की ट्रंक आली, तुम्ही मनाशी बेत आखला, कोणाला काय मिळणार हे ठरवले आणि मग बहिणीला कळवले. त्यांच्या वाट्याला जॅकेट आले, तेही तुम्हीच ठरवून. त्यांच्या जागी मी असते तर मलाही कात्रीपेक्षा हेच अधिक लागले असते. त्यांना बहुधा जॅकेट नको असावे. एखादी साडी हवी असावी आणि ती मागायला संकोच वाटत असावा, असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिले काम मशीनवरचे नाही. सुटीच्या दिवशी सकाळच्या उजेडात एकेक साडी उलगडा, काठ आणि पदर नीट दिसतील असे प्रत्येकीचे छायाचित्र काढा आणि ती सगळी बहिणीला व भावाला पाठवा. सोबत एवढेच लिहा: “यातल्या कोणत्या साड्या तुम्हाला अखंड हव्यात ते महिनाभरात सांगा. त्या मी तशाच्या तशा देईन. उरलेल्यांचे आपण नंतर बोलू.” कापण्याचा उल्लेखही त्यात नको. भावाला “तुम्ही दोघी ठरवा” म्हणून सुटू देऊ नका, आणि वहिनींना आवर्जून विचारा. सासूबाईंबरोबर ज्या सुनेचे दिवस गेले, तिचा त्यांच्या साडीवर मुलींइतकाच जीव असू शकतो आणि तिला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. साड्यांची नावे आली की त्या बाजूला काढा, मग त्यांत तुमच्या मनातली आवडती साडी गेली तरी हरकत घेऊ नका.

छायाचित्रे काढताना उलगडलेल्या साड्यांची तपासणीही त्याच बैठकीत उरकून घ्या. उजेडाच्या खिडकीसमोर साडी आडवी धरली की जिथे कापड विरळ झाले आहे ती जागा चाळणीसारखी दिसते. घडीच्या रेषा, निऱ्यांची जागा आणि खांद्यावर पिन लागत असे ती जागा विशेष पाहा. मग साडीच्या आतल्या टोकाला, म्हणजे कमरेला खोचला जातो त्या भागात, दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून आधी उभे आणि मग आडवे, बेताने ताणा. धड कापड नुसते तणावते. ज्यात जीव उरलेला नाही ते हलकेच “टर्र” करते किंवा धागे सरकून फट पडते. असे रेशीम शिवण्याच्या पलीकडे गेलेले असते. त्याला अस्तर लावून मशीनवर घेतले तरी टाक्याच्या रेषेवरच ते सुटत जाते. त्याचे धड काठ तेवढे काढून घ्यावेत. काठाची वीण घट्ट असल्याने साडीचे अंग विरल्यावरही तो पुष्कळदा शाबूत राहतो.

कोणती साडी खऱ्या रेशमाची आणि कोणती नाही, हे आईने सांगितलेल्या नावावरून ठरवू नका. आतल्या टोकाचा एक धागा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हे कळणे पुढे इस्त्रीच्या वेळी फार उपयोगी पडते.

आता पैठणी आणि पटोळा यांविषयी. आपल्या शहरात “पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं” ही गुजराती म्हण तुम्ही कधी ना कधी ऐकली असेल. पटोळा फाटेल पण त्यावरची नक्षी जाणार नाही, असा त्या कापडाचा लौकिक आहे. पाटणच्या पटोळ्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्याआधी बांधून रंगवलेले असतात. एकेका साडीला कित्येक महिने लागतात आणि तिची किंमत लाखांत जाते. राजकोटकडे विणल्या जाणाऱ्या पटोळ्यांत बहुधा आडवे धागेच तसे रंगवलेले असतात आणि घरोघरी आढळतात ते बहुतेक पटोळे या जातीचे असतात. तुमच्या आईंचा पटोळा भेट मिळालेला आहे, म्हणजे तो कोणता हे तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही. जाणकार माणसाने पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नका. बडोद्यात यासाठी फार फिरावे लागणार नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आपण अजूनही होम सायन्स म्हणतो त्या विद्याशाखेत, वस्त्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या एखाद्या अध्यापिकेला विनंती करून साडी दाखवता येईल. पैठणीचेही तसेच आहे. हातमागावरच्या पैठणीच्या काठाची उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. तशी ती निघाली आणि कापड धड असले, तर ती कापण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. इथे माझा आक्षेप भावनेपोटी नाही. जी वस्तू तशीच नेसता येते आणि पुन्हा तशी मिळवायची तर मोठी रक्कम मोजावी लागते, तिचे बटवे करणे हा निव्वळ तोटा आहे.

नऊवारींच्या बाबतीत मात्र एक सुरेख वाट मोकळी आहे आणि ती तुमच्या बहिणीलाही पटेल असे वाटते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. पदराच्या बाजूने ५.५ मीटर मोजून घेतले, तर आजच्या पद्धतीने नेसण्याजोगी पूर्ण सहावारी साडी निघते, आणि दोन्ही कडांना काठ असलेले सुमारे २.७ मीटर कापड उरते. त्या उरलेल्या कापडात एखाद्या लहान भाचीचे परकर-पोलके होते, किंवा बहिणीच्या साडीवरचा ब्लाउज आणि वर दोन बटवे होतात. म्हणजे बहिणीला नेसायला आईची साडी मिळते आणि तुम्हाला शिवायला आईचे कापड. कापण्याची ती एकच आडवी रेष आहे. ती मारण्याआधी एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या धाग्याच्या फटीवरून कात्री चालवा, म्हणजे कापड तिरके जाणार नाही.

मुलीच्या चणियासाठी तर साडी कापण्याची गरजच नाही, आणि ही युक्ती मला शिवणकामातल्या सर्वांत समाधान देणाऱ्या युक्त्यांपैकी एक वाटते. साडीची रुंदी साधारण ४५ इंच असते आणि कमरेपासून घोट्यापर्यंतचे अंतर बहुतेक मुलींचे ३८ ते ४० इंच. साडी आडवी धरून तिची सगळी लांबी घेराला घ्या, एक काठ खाली येऊ द्या, आणि वरचे जास्तीचे पाच-सात इंच कापड आतल्या बाजूला दुमडून त्याचा नेफा करा. पदराचे टोक आणि आतले टोक एका उभ्या शिवणीने जोडा, नाडी ओवा. साडेपाच मीटरचा घेर होतो, गिरकी घेतली की चांगला फुलतो, आणि पुढे कधी वाटले तर दोन शिवणी उसवून साडी पुन्हा साडी होते. साडीला आधीचा फॉल असेल तर तो काढू नका, कारण जमिनीवर घासणाऱ्या काठाला त्याचेच संरक्षण असते. फॉल साडीच्या अर्ध्याच लांबीला असतो, तेवढा उरलेल्या भागाला नवा लावून घ्या.

पण यासाठी रेशमी साडी घेऊ नका. गरब्याच्या मैदानावर धूळ असते, घाम असतो, मागच्याचा पाय घेरावर पडतो, आणि आश्विनात आपल्याकडे रात्रीही उकडतेच. आईंच्या सिंथेटिक जॉर्जेट साड्यांपैकी एखादी भडक रंगाची निवडा. ज्या साड्यांकडे वाटणीच्या वेळी कोणी बघणारही नाही, त्याच या कामाला सर्वांत योग्य आहेत. आरशांचे भरतकाम हवे असेल तर ते थेट साडीवर करू नका, कारण काचेच्या वजनाने पातळ कापड ओढले जाते. वेगळ्या जाड सुती पट्टीवर आरसे लावून ती पट्टी कच्च्या टाक्यांनी जोडा. चोळीला आईचे जुने कापड मुळीच वापरू नका. चोळी अंगाला घट्ट बसते आणि काखेतल्या घामाने व ताणाने जुने कापड पहिल्या दोन रात्रींतच जाईल. तिला मंगळ बाजारातून नवे कापड आणा, आणि तेही नवरात्राच्या तोंडावर नको, नाहीतर न्यायमंदिरापासून लहेरीपुऱ्यापर्यंत गर्दीत उभे राहण्यातच तुमची सुटी संपेल.

आता तुमच्या हाताविषयी थोडे स्पष्ट लिहिते. तुम्ही जे शिवले आहे त्यात बहुतेक सरळ शिवणी आहेत. जॅकेटला मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, असतो, गळा असतो, अस्तर असते, आणि चंदेरीसारखे निसरते, पारदर्शक कापड कात्रीखाली स्थिर राहत नाही. शिकण्याची हौस आणि आईच्या वस्तूंविषयीची माया या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बाजारात ज्या कापडाची दुसरी प्रत मिळत नाही, त्यावर शिकू नये. कोणतीही नवी वस्तू आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर बेतून, शिवून, अंगावर घालून पाहावी. त्यावर खडूने दुरुस्त्या करून, तो मांजरपाटच उसवून त्याचे तुकडे नमुना म्हणून वापरावेत. मांजरपाटावर जमले की मग आईंच्या एखाद्या वायलच्या साडीवर, आणि ते जमल्यावरच रेशमाकडे जावे. हा क्रम कंटाळवाणा वाटेल, पण शिवणाची हौस असणाऱ्यांना यातही मजा येते, आणि ती येत नसेल तर तेही वेळीच कळलेले बरे.

कोणाच्या तरी नजरेखाली शिकायचे असेल तर आपले शहर यासाठी दुबळे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४ पासूनचे आहे. बायकांनी हातातल्या कामात पारंगत व्हावे ही गोष्ट इथे शंभर वर्षांहून अधिक काळ मनावर घेतली गेली आहे. याखेरीज गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एखाद्या बेनकडे महिनाभर दुपारी बसायला मिळाले, तर मुंढा आणि बाही तिच्याइतके नेमके क्वचितच कोणी शिकवू शकेल. तिला रीतसर शुल्क द्या आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या कामाच्या दिवसांत जाऊ नका.

रेशमावर येण्याची वेळ झाली की काही गोष्टी सांभाळा. अस्तराचे सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि वरचे रेशीम चुरगळून फुगेल. मशीनला नवी, बारीक सुई लावा. ९ किंवा ११ नंबरची चालते. बोथट सुई धागे ओढते आणि रेशमावर ओढलेला धागा परत जागेवर येत नाही. टाचण्या शिवणीच्या दाबातच, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडातच टोचा, कारण भोकाची खूण राहते. त्याच कारणाने मशीनची टीप मारण्याआधी हाताने कच्चा धावदोरा घालून पाहा, कारण उसवलेली टीप रेशमावर कायम दिसते. जुने रेशीम थोडे पातळ झालेले असेल तर ते मलमलवर पसरून, बोटभर अंतराने हलके धावदोरे घालून दोन्ही कापडे एकजीव करून घ्या आणि मग ती जोडी एकच कापड समजून बेता. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, वर सुती फडके ठेवून, कमी आचेवर करा. हल्लीच्या बऱ्याच साड्यांतली जर प्लास्टिकची असते आणि गरम इस्त्रीखाली ती आकसते. काठ एका कापडावरून दुसऱ्यावर नेण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून रंग जातो का ते पाहा, विशेषतः लाल आणि काळ्या काठांच्या बाबतीत. आणि एक कात्री फक्त कापडासाठी ठेवा, घरातल्या कोणालाही तिने कागद किंवा दुधाची पिशवी कापू देऊ नका. माझ्या मते संसारातले निम्मे बारीकसारीक वाद या एका शिस्तीने मिटतील.

घरातल्या प्रत्येकाला एकेक वस्तू, हा तुमचा बेत प्रेमाचा आहे, पण तो जरा पुन्हा पाहा. डझनभर बटवे शिवायचे म्हटले की पाचव्या बटव्यापासून ते काम होते, हौस उरत नाही. शिवाय कॉलेजातल्या पुतण्याला बटवा हवा आहे का, हे तुम्ही विचारलेले नाही. जो मागेल त्यालाच शिवून द्या. दिवाळीची मुदतही तुम्हीच स्वतःवर घातलेली आहे. आई जाऊन एक वर्ष झाले आहे आणि तुमची नोकरी, घर सांभाळून हे काम चालणार आहे. नवरात्राआधी मुलीचा चणिया होऊ द्या, तोही न कापता. बाकीच्या साड्यांना एखादे वर्ष जास्त लागले तरी कोणाचे काही बिघडत नाही, घडी बदलत राहिली म्हणजे झाले.

रोजच्या सुती साड्यांकडे मात्र लवकर वळा. आईंच्या अंगावर सर्वांत जास्त दिवस त्याच होत्या आणि वाटणीत त्यांना सहसा कोणी मागत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या साड्या गोधडीला उत्तम. तीन-चार थर नीट पसरून, कडेने कच्चे टाके घालून, मग बाहेरून आत धावदोऱ्याच्या ओळी भरत जायच्या. हे काम मशीनशिवाय, गप्पा मारता मारता होते. दिवाळीत बहीण माहेरी आल्या, तर गोधडी समोर पसरलेली असू द्या. त्यांनी सुई घेतली तर छानच, नाही घेतली तरी तो विषय काढू नका.

अपराधीपणाचे म्हणाल, तर तो सगळा एकदम जाईल असे मी सांगणार नाही. ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले, अखंड हव्या त्या साड्या अखंड दिल्या आणि शिकाऊ हाताने मोलाचे कापड बिघडवले नाही, एवढे झाले की उरलेल्या साड्यांवर कात्री चालवण्यात तुम्ही आईंचे काही देणे लागत नाही. उरलेली रुखरुख ही आई गेल्याची आहे. साडीला तिच्यात ओढण्याचे कारण नाही.

याच विषयावर आणखी काही वाचकांनी लिहिले आहे आणि त्यांच्यापैकी काहींची अडचण उलटी आहे. त्यांच्याकडे ट्रंक नाही, आईची एकच साडी आहे, ती नेसायचीही आहे आणि तिचे काहीतरी रोज जवळही हवे आहे. त्यांनी साडीच्या आतल्या टोकाचा, कमरेला खोचला जाणारा भाग पाहावा. साडी ५.५ मीटरची असेल तर त्या टोकाचे अर्धा मीटर कापड काढले तरी उरलेले पाच मीटर बहुतेकींना नेसायला पुरते, आणि नेसल्यावर काही कमी झाल्याचे बाहेरून दिसतही नाही. नेसून आधी खात्री करून घ्या, कापलेल्या कडेला लगेच पिको करून घ्या. त्या अर्ध्या मीटरमध्ये दोन्ही कडांचे काठ येतात, एक बटवा होतो, चष्म्याचे एक घर होते आणि थोडी कातरण उरते. ब्लाउजपीस न शिवता तसाच राहिला असेल, तर साडीला हात लावण्याचीही गरज नाही.